९,३२९ मतांनी फिरलेलं सिनेट

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी त्या काळी शंभर प्रश्नांची यादी पाठ करावी लागायची. त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर राज्यागणिक बदलायचं : तुमच्या राज्याचे दोन सिनेटर कोण? आम्ही व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या पश्चिमेला फेअरफॅक्स काउंटीत राहायचो. म्हणजे माझं उत्तर होतं जॉन वॉर्नर आणि जॉर्ज ॲलन. २००६च्या वसंतात मी मुलाखत दिली, पास झाले आणि पुढे शपथविधी झाला. त्या शपथेत जुन्या देशाशी असलेली निष्ठा सोडत असल्याचं स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं. तेवढं वाक्य म्हणताना माझा आवाज कापला. भारतातलं माझं मत त्या क्षणी गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर गावी जाता येतं, राहता येतं, पण मत देता येत नाही. एक हक्क सोडून दुसरा हाती घेतला होता. तो वाया जाऊ द्यायचा नाही, हे मात्र मनाशी पक्कं केलं. मतदार नोंदणीचा फॉर्म लगेच भरून टाकला. व्हर्जिनियात नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही, ही गोष्ट मला फार आवडली.

त्या नोव्हेंबरात मध्यावधी निवडणूक होती. इथली मध्यावधी सरकार पडल्यामुळे होत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या बरोबर मध्यावर, ठरलेल्या मंगळवारी, ती होतेच. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या जागा आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा भरायच्या असतात. आपल्या राज्यसभेचेही एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, पण त्यांना आमदार निवडून देतात. सिनेटर १९१३च्या घटनादुरुस्तीपासून थेट जनता निवडते. २००६ला रिपब्लिकन ५५, डेमोक्रॅट ४४ आणि डेमोक्रॅटांसोबत बसणारा एक अपक्ष असं बलाबल होतं. इराक युद्ध चौथ्या वर्षात होतं आणि लोक बुश सरकारवर चिडलेले होते. तरी डेमोक्रॅटांना सिनेट मिळेल असं उन्हाळ्यात फारसं कुणी म्हणत नव्हतं, कारण त्यासाठी सहा जागा खेचून आणायच्या होत्या. पाच खेचल्या तर ५०-५०. आणि बरोबरी झाली की उपराष्ट्राध्यक्षाचं निर्णायक मत, म्हणजे रिपब्लिकन डिक चेनींचं. सहावी जागा व्हर्जिनियाची असेल हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ती जागा रिपब्लिकन ॲलन यांची. ते माजी गव्हर्नर होते, लोकप्रिय होते. २००८ला ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणार, असं उघड बोललं जायचं.

११ ऑगस्टला चित्र पालटलं. राज्याच्या नैऋत्य टोकाला, केंटकीच्या सीमेवरच्या ब्रेक्स नावाच्या ठिकाणी ॲलन यांची सभा होती. विरोधातले डेमोक्रॅट उमेदवार जिम वेब यांच्या प्रचारपथकातला एक वीस वर्षांचा मुलगा, एस. आर. सिदार्थ, कॅमेरा घेऊन त्यांच्या सभा टिपत फिरत होता. त्याच्याकडे बोट दाखवून ॲलन यांनी जमावासमोर दोनदा ‘मकाका’ (माकडाची एक जात) म्हटलं आणि वर ‘अमेरिकेत स्वागत आहे’ असं सुनावलं. तो मुलगा भारतीय वंशाचा, पण जन्मलेला आणि वाढलेला आमच्याच फेअरफॅक्स काउंटीत. त्यानं टिपलेली चित्रफीत काही दिवसांत सगळ्या देशानं पाहिली. ॲलन यांनी पुढे माफी मागितली. पण माझी मुलगी तेव्हा शाळेत होती, तीही इथलीच, आणि ती चित्रफीत तिनं माझ्या शेजारी बसून पाहिली होती. ‘त्याला कुठून आलाय असं का विचारतात?’ या तिच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मला खूप राग आला होता, एवढंच आठवतं.

महिनाअखेरीस गणपती बसले. त्या वर्षी आरती झाली की प्रसादाच्या ताटलीबरोबर हाच विषय निघायचा. कुणी म्हणे, आपण नोकरीसाठी आलोय, यांच्या राजकारणात कशाला पडायचं. कुणी वेबच्या प्रचाराला फोन करायला जाऊ लागलं होतं. एका काकांनी तावातावानं सांगितलं, की ॲलननी भारताच्या अणुकराराला पाठिंबा दिलाय, तेवढंच आपण बघावं. मला प्रचार जमणार नव्हता. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून बोलायचा माझा पिंड नाही. पण निवडणुकीचं काम आमच्या घरात नवं नव्हतं.

माझे बाबा सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. दर निवडणुकीला त्यांची ड्यूटी लागायची, पुढे पुढे केंद्राध्यक्ष म्हणून. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीनं किंवा जीपनं नेमून दिलेल्या गावी पोचायचं, शाळेच्याच बाकांवर झोपायचं. लाख, सुतळी, शाईची बाटली, मतपेटी. परत आले की हाताला लाखेचे चटके असायचे आणि मतपत्रिकांचा हिशेब जुळल्याशिवाय ते जेवायलाही बसलेले नसायचे. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला केंद्रावर काम करायला माणसं हवी आहेत, ही जाहिरात वाचली तेव्हा मला पहिल्यांदा बाबाच आठवले. इथे सरकारी नोकरांना जुंपत नाहीत. नोंदणीकृत मतदार असलेला कुणीही अर्ज करू शकतो. कायद्यानं केंद्रावर दोन्ही पक्षांचे लोक असावे लागतात आणि मुख्य अधिकारी एका पक्षाचा असेल तर त्याचा सहायक शक्यतो दुसऱ्या पक्षाचा घेतात. मी अर्ज केला, प्रशिक्षणाला बसले आणि त्या शरद ऋतूत बरंच शिकले.

बाबांना फोनवर सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘‘अगं पोरी, तू केंद्रावर बसणार? मग एक ध्यानात ठेव. सुरुवातीला पेटी रिकामी आहे हे सगळ्यांना दाखवायचं आणि शेवटी हिशेब जुळवायचा. मधलं सगळं आपोआप होतं.’’

७ नोव्हेंबरला पहाटे पाचला आम्ही एका शाळेच्या व्यायामशाळेत जमलो. केंद्र सहाला उघडतं आणि संध्याकाळी सातला बंद होतं. मुख्य अधिकारी निवृत्त शिक्षिका होत्या. कित्येक वर्षं हेच काम केलेल्या. त्यांचे सहायक लष्करातून निवृत्त झालेले. दोघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध, हे सगळ्यांना ठाऊक. पण दिवसभरात दोघांच्या तोंडून उमेदवाराचं नाव निघालं नाही. आधी सगळ्यांनी शपथ घेतली. मग स्पर्शपडद्याची यंत्रं लावली आणि प्रत्येक यंत्रातून एक कागदी पट्टी काढली. त्या पट्टीवर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे शून्य छापलेलं असतं. आम्ही सगळ्यांनी ती वाचली, तिच्यावर सह्या केल्या. रिकामी पेटी दाखवायचं बाबांचं काम इथे असं होतं.

बाहेर दाराजवळ प्रचाराला मनाई. मर्यादा चाळीस फुटांची. आपल्याकडच्या शंभर मीटरच्या मानानं फारच जवळ. तिथे दोन्ही पक्षांचे स्वयंसेवक नमुना मतपत्रिका वाटत उभे होते आणि थर्मासमधली कॉफी एकमेकांना देत होते. रांग सहाच्या आधीच लागली होती.

माझं टेबल मतदारयादीचं. व्हर्जिनियाचा एक नियम मला अजूनही सुंदर वाटतो. मतदार आपलं नाव आणि पत्ता सांगतो आणि अधिकाऱ्यानं ते पूर्ण नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं पुन्हा म्हणायचं असतं. हेतू साधा आहे : खोट्या नावानं कुणी आलं तर तिथे बसलेल्या निरीक्षकांना हरकत घेता यावी. पण फेअरफॅक्ससारख्या ठिकाणी त्याचा वेगळाच परिणाम होतो. व्हिएतनामी, कोरियन, इथिओपियन, पंजाबी, तेलुगू, स्पॅनिश, अरबी अशी नावं दिवसभर त्या हॉलमध्ये मोठ्यानं, पूर्ण म्हटली जात होती. सकाळी गर्दी जरा ओसरली तेव्हा मी स्वतः मत द्यायला शेजारच्या टेबलासमोर उभी राहिले. तिथे ते लष्करातले गृहस्थ बसले होते. त्यांनी माझं नाव, मधलं बाबांचं नाव आणि आडनाव एकेक अक्षर लावून वाचलं, मग मान वर करून विचारलं, ‘‘नीट म्हटलं ना मी?’’ मी हो म्हटलं. त्यांनी ते पुन्हा एकदा, हॉलभर जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. ऑगस्टपासून मनात साचलेलं काहीतरी त्या क्षणी हलकं झालं. यंत्रासमोर गेले आणि जिम वेब यांना मत दिलं. वेब व्हिएतनाममध्ये लढलेले, रेगन यांच्या काळात नौदलाचे मंत्री राहिलेले, एके काळचे रिपब्लिकन. त्यांचा मुलगा इराकमध्ये सैनिक होता आणि प्रचारभर ते त्याचे बूट घालून फिरले. युद्ध सुरू होण्याच्या आधीपासून त्यांचा युद्धाला विरोध होता. माझ्या मताचं कारण तेच होतं.

त्या मतपत्रिकेवर सिनेटशिवाय राज्याच्या घटनादुरुस्तीचे तीन प्रश्नही होते. विवाह फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातच, असं घटनेत घालायचं का, हा त्यातला पहिला. अनेक मतदार पडद्यावरचा तो लांबलचक मजकूर वाचत उभे राहायचे आणि रांग तुंबायची. ती दुरुस्ती मंजूर झाली, सुमारे ५७ टक्क्यांनी. तेच राज्य, तोच दिवस, आणि दुसरीकडे वेब. मतदार एका झेंड्यामागे सरसकट जात नाहीत, हे मी तिथे बसून पाहिलं.

पासष्टीच्या पुढच्या किंवा अपंग मतदाराला गाडीतूनच मत देता येतं. दुपारी तसा निरोप आला आणि आम्ही दोघे यंत्र हातात घेऊन वाहनतळावर गेलो. गाडीत एक वृद्ध गृहस्थ, नाकात ऑक्सिजनची नळी. शेजारी बसलेली सून पडदा धरायला पुढे झाली तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं. आम्ही पाठ करून उभे राहिलो. बराच वेळ लागला. यंत्र परत देताना ते म्हणाले, की त्यांनी कुठलीच निवडणूक चुकवलेली नाही.

यादीत नाव सापडलं नाही म्हणून कुणालाही तसंच परत पाठवायचं नाही, हे प्रशिक्षणात ठासून सांगितलं होतं. अशा माणसाला तात्पुरती मतपत्रिका देतात. ती वेगळ्या लिफाफ्यात बंद होते, दुसऱ्या दिवशी निवडणूक मंडळ तिची शहानिशा करतं आणि मतदाराला तिथे हजर राहून आपली बाजू मांडता येते. आमच्याकडे अशी थोडीच निघाली. नुकताच घर बदललेला एक तरुण फॉर्मची भाषा वाचून कंटाळला आणि निघाला होता. मुख्य बाई त्याच्या मागे दारापर्यंत गेल्या, त्याला परत आणून बसवलं आणि ओळ न् ओळ समजावून फॉर्म भरून घेतला. तो कुणाला मत देणार हे त्यांना कळायची काहीच सोय नव्हती.

सात वाजता दार लावलं. आत्तापर्यंतचा दिवस थकवणारा होता, पण खरं काम आता होतं. यंत्रांतून निकालाच्या पट्ट्या निघाल्या. यादीत खूण केलेले मतदार आणि यंत्रांनी नोंदवलेले मतदार यांचा आकडा एक यायला हवा. यादीत एक जास्त भरला. पुन्हा मोजलं. एकच जास्त. दिवसभर उभ्या राहिलेल्या त्या माणसांपैकी कुणीही ‘एकानं काय फरक पडतो’ म्हटलं नाही. आम्ही जोड्या करून यादीची पानं बोट ठेवून वाचायला घेतली. एक वाचणार, दुसरा तपासणार. शेवटी सापडलं : एकाच घरात राहणारे बाप-लेक, दोघांचं नाव तंतोतंत सारखं, फक्त मुलाच्या नावापुढे ‘ज्युनियर’. आला होता बाप. खूण आधी मुलापुढे झाली होती, मग बापापुढे केली गेली आणि पहिली खोडायची राहिली होती. ते कागदावर नोंदवलं, सगळ्यांनी सह्या केल्या, मुख्य बाईंनी काउंटीला फोन करून आकडे वाचून दाखवले आणि सामान सीलबंद झालं. कुठला आकडा कुणाच्या बाजूनं आहे यावर चकार शब्द नाही.

घरी आले तेव्हा टीव्हीवर ॲलन पुढे होते. ग्रामीण भागाची मोजणी आधी येत होती. मग उत्तर व्हर्जिनियाची केंद्रं येऊ लागली आणि फरक वितळत गेला. मध्यरात्रीच्या आसपास वेब पुढे गेले, पण इतक्या थोड्या मतांनी की निकाल कुणी जाहीर करेना. तोवर पेनसिल्व्हेनिया, ओहायो, ऱ्होड आयलंड डेमोक्रॅटांकडे गेले होते. पहाटेपर्यंत मिसुरीही गेलं. सकाळी उरल्या दोनच जागा, माँटाना आणि आमचं व्हर्जिनिया. सगळ्या देशाचं सिनेट या दोन राज्यांवर अडलं होतं. बुधवारी दुपारी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड जात असल्याचं बुश यांनी जाहीर केलं. माँटाना डेमोक्रॅटांना मिळाल्याची बातमी आली आणि संध्याकाळी वृत्तसंस्थेनं व्हर्जिनिया वेब यांच्या नावावर लावलं.

त्या दिवशी काउंटी-काउंटीत आकड्यांची फेरतपासणी चालू होती. फोनवर वाचलेले आकडे आणि सह्या केलेले कागद पुन्हा ताडून बघायचे. अंतिम आकडा आला : वेब ११,७५,६०६, ॲलन ११,६६,२७७. फरक ९,३२९. राज्यात दोन हजार चारशेच्या वर मतदान केंद्रं. म्हणजे केंद्रामागे चार मतंही नाहीत. हा भागाकार मी स्वयंपाकघरात कॅलक्युलेटरवर केला आणि बाप-लेकाच्या नावासाठी यादीवर वाकलेली ती सगळी डोकी मला डोळ्यांपुढे दिसली.

फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर व्हर्जिनियात हरलेल्याला सरकारी खर्चानं फेरमोजणी मागता येते. ॲलन यांना ती मागता आली असती आणि सिनेटचा निर्णय डिसेंबरपर्यंत लोंबकळला असता. गुरुवारी दुपारी अलेक्झांड्रियात त्यांनी पराभव मान्य केला आणि फेरमोजणीची मागणी करणार नसल्याचं सांगितलं. ज्या माणसाविरुद्ध मी मत दिलं, ज्याच्या त्या सभेनं माझ्या घरात राग भरला, त्यानं त्या दिवशी राज्याचं भलं केलं असं मला मनापासून वाटलं आणि आजही वाटतं. डेमोक्रॅट ४९, रिपब्लिकन ४९ आणि डेमोक्रॅटांसोबत बसणारे दोन अपक्ष. सिनेट फिरलं होतं. वेब यांनी आर्लिंग्टनच्या सभेत मुलाचे बूट उंच धरून दाखवले.

बाबांचा फोन आला तो शनिवारी, साताऱ्याच्या पेपरात बातमी वाचून. पहिला प्रश्न, ‘‘हिशेब जुळला का?’’ सगळं सांगितलं. दुसरा प्रश्न, ‘‘आता अणुकराराचं काय होणार?’’ हा प्रश्न इथल्या भारतीयांतही चालू होता. बहुमत बदललं, जानेवारीत नवे लोक येणार, करार तोवर लांबला तर सगळं पहिल्यापासून, ही भीती होती. पण जुन्या सिनेटनं उरलेल्या दिवसांत, १६ नोव्हेंबरला, त्यासाठीचं विधेयक ८५ विरुद्ध १२ मतांनी मंजूर केलं आणि बुश यांनी १८ डिसेंबरला सही केली. परराष्ट्र समितीचं अध्यक्षपद जानेवारीत ज्यांच्याकडे जाणार होतं त्या जो बायडन यांनीही बाजूनंच मत दिलं होतं. सगळ्या समित्यांची अध्यक्षपदं नंतर तशीच एका झटक्यात बदलली. बहुमताचा खरा अर्थ तिथे असतो : कुठला विषय पटलावर येणार, कुणाला साक्षीला बोलावणार, कुठला न्यायाधीश अडणार, हे अध्यक्ष ठरवतो. वेब यांनी आल्या आल्या माजी सैनिकांच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि २००८ साली ते कायदा झालं.

एक गोष्ट मात्र मला त्या वेळी पुरती उमगली नव्हती. आमच्या यंत्रांना कागदी मतपत्रिका नव्हती. फेरमोजणी मागितली असती तर बहुतेक ठिकाणी त्याच पट्ट्या पुन्हा वाचण्यापलीकडे काही करता आलं नसतं. त्याच निवडणुकीत अलेक्झांड्रिया, फॉल्स चर्च आणि शार्लट्सव्हिलमधल्या वेगळ्या यंत्रांवर अखेरच्या पानावर वेब यांचं आडनाव कापलं जायचं आणि ‘जेम्स एच. ‘जिम’’ एवढंच दिसायचं. आमच्याकडची यंत्रं तर २०१५ साली सुरक्षेच्या तपासणीत इतकी कच्ची निघाली की राज्यानं त्यांची मान्यताच काढून घेतली. त्यांचा पासवर्ड सहज ओळखता येण्याजोगा होता आणि ती बिनतारी जाळ्यानं जोडलेली होती. २००६ला कुणी गैरप्रकार केल्याचं काही पुढे आलेलं नाही. तरी ९,३२९ मतांच्या निकालाखाली मोजण्यासारखा कागद नव्हता, हे मला तेव्हापासून खटकत आलंय. आता व्हर्जिनियात सगळीकडे कागदी मतपत्रिका आहे. मतदार पेनानं गोल भरतो, ती यंत्रात सरकवतो आणि कागद खालच्या पेटीत साठतो. पेटी रिकामी असल्याचं सकाळी सगळ्यांना दाखवायचं आणि मग ती सीलबंद करायची. ते काम मी दर वर्षी मागून घेते.

व्हर्जिनियात नोव्हेंबरची निवडणूक दर वर्षी असते आणि माणसं दर वर्षी कमी पडतात. ज्यांनी इथलं नागरिकत्व नुकतंच घेतलंय त्यांनी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडे अर्ज जरूर करावा. दोन भाषा येत असतील तर ते अर्जात आवर्जून लिहा, अशा माणसांची तिथे फार गरज असते. सुट्टी मात्र आधीच टाकून ठेवा. पहाटे पाचला गेलेला माणूस हिशेब जुळेपर्यंत घरी येत नाही.